दुसऱ्याचा प्रोग्रॅम मारायचा हक्क मला असावा का?

नमस्कार सर,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघते. कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं म्हणून ऑफिसातला सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला. उबुंटूचं, म्हणजे लिनक्स चालणारं, एक मशीन आहे. त्यावर डिझाइनची तीन मुलं, हिशेबाचे काका आणि मी. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. डिझाइनवाले सहाला घरी जातात, पण त्यांचे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात आणि माझी पॅकिंग लिस्ट निघता निघत नाही. गेटवर गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. प्रोग्रॅम थांबवायची किल ही कमांड मारली की मशीन म्हणतं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. मालकांना सांगितलं, तर त्यांनी रूटचा, म्हणजे मशीनवर काहीही करायची मुभा असलेल्या लॉगिनचा, पासवर्डच चिठ्ठीवर लिहून हातात दिला. गेल्या शुक्रवारी टॉपमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमांच्या यादीत, एक प्रोग्रॅम ९८ टक्के सीपीयू खाताना दिसला. रूट होऊन किल -९ मारला. तो डिझाइनचा नव्हताच, काकांचा पगारपत्रकाचा होता. फाइल रिकामी झाली. शनिवारचा पगार विणकरांना सोमवारी मिळाला. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्याचा प्रोग्रॅम थांबवायचा अधिकार माझ्याकडे असावा का? असावा तर किती, आणि तो रीतसर घ्यायचा कसा?

— एक वाचक, सोलापूर

ताई,

या विषयावर मला जी पत्रं येतात त्यातली निम्मी 'परवानगी नाही म्हणतंय, ते कसं चुकवायचं' एवढंच विचारतात. तुम्ही 'असावा का' असं विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी उत्तर सांगून टाकतो. हक्क असावा, पण डिझाइनच्या तीन लॉगिनपुरताच. काकांच्या लॉगिनवर नको. आणि ती चिठ्ठी आजच मालकांना परत करा. पासवर्ड कसा बदलायचा ते शेवटी येतंच आहे.

एक खुलासा: कमांडी मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाकायच्या, आणि बहुतेक सगळ्या लहान अक्षरांत.

मशीन तुम्हाला अडवत होतं ते का, हे एकदा नीट बघू. लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या कपाळावर मालकाचा नंबर लिहिलेला असतो. उबुंटूत माणसांचे नंबर १००० पासून सुरू होतात आणि रूटचा असतो ०. किल ही कमांड नावाला भयंकर, पण ती स्वतः कुणाला मारत नाही. ती फक्त एक निरोप पाठवते. निरोप देणाऱ्याचा नंबर आणि घेणाऱ्याच्या मालकाचा नंबर जुळला तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो पोचवतो. नाही जुळला आणि तुम्ही रूटही नसाल, तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. लिनक्सचा पूर्वज युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालं, आणि एका मशीनवर अनेक माणसं बसणार हे त्यात लवकरच गृहीत धरलं गेलं. तेव्हाचं हे कुंपण आहे. तुमचं मशीन बिघडलेलं नव्हतं, ते त्याचं काम करत होतं.

कारखान्यात तुम्ही रोज हेच बघता. शेजारच्या मागावर कितीही खडखडाट झाला तरी दुसरा विणकर जाऊन हँडल ओढत नाही. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक मारतो. कारण धोटा मधेच असताना माग भलत्या वेळी बंद पडला तर ताण्याचे धागे तुटतात, आणि ते जोडत बसतो ज्याचा माग आहे तो. तुमच्या ऑफिसात मात्र मालकांनी एकदम मेन स्विचची किल्लीच तुमच्या हातात दिली. त्यांचाही हेतू वाईट नव्हता म्हणा. गाडी गेटवर उभी असताना कोणता मालक कुणाला काय चालवू द्यायचं याचे नियम लिहीत बसेल?

आता शुक्रवारकडे येऊ. मला वाटतं, ज्याला तुम्ही मारलंत तो गुन्हेगार नव्हताच.

टॉपमध्ये दिसणारे ९८ टक्के हे पूर्ण मशीनचे नसतात, एका कोअरचे, म्हणजे सीपीयूच्या एका भागाचे असतात. एनप्रॉक अशी कमांड द्या, ती मशीनमध्ये किती कोअर आहेत ते सांगेल. समजा ८ निघाले. मग काकांचा प्रोग्रॅम आठातला एक कोअर वापरत होता आणि सात रिकामे असू शकत होते. टॉप चालू असताना १ चं बटण दाबलं की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. तिथेच 'डब्ल्यूए' लिहिलेला एक आकडा असतो, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. तो चढलेला असेल तर अडचण डिस्कची आहे, सीपीयूची नाही. फ्री -एच टाकून मेमरी बघा. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरत चालला असेल, तर डिझाइनच्या मोठ्या इमेजनी मेमरी खाल्ली आणि तुमची पॅकिंग लिस्ट डिस्कवर ढकलली गेली, असा अर्थ. सीपीयूच्या क्रमाने लावलेल्या यादीत हा चोर वर दिसतच नाही. टॉपमध्ये मोठा एम दाबला की यादी मेमरीच्या क्रमाने लागते. माझा पैसा डिझाइनच्या इमेजवर आहे, पण तुम्ही मोजून बघा.

दुसरं असं, की ९८ टक्के खाणारा प्रोग्रॅम अडकलेला असतो असं नाही. बहुतेक वेळा तो मान मोडून काम करत असतो. अडकलेला बहुधा ० टक्क्यांवर शांत बसलेला असतो. म्हणून मारण्याआधी एवढं टाइप करायची सवय लावा: पीएस -ओ यूझर,पीआयडी,स्टॅट,ईटाइम,आर्ग्स -पी आणि पुढे टॉपमध्ये दिसणारा त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा नंबर, म्हणजे पीआयडी. एका ओळीत मालक कोण, स्थिती काय, किती वेळ चालू आहे आणि नेमका कोणता प्रोग्रॅम आहे, सगळं येतं. शुक्रवारी पहिल्याच रकान्यात काकांचं लॉगिन दिसलं असतं. टॉपमध्येही ते होतं, नंबरच्या शेजारच्याच रकान्यात. पण हॉर्न वाजत असताना माणूस सगळ्यात मोठ्या आकड्याकडे बघतो.

स्टॅटच्या रकान्यातली अक्षरं ओळखायला शिका. आर म्हणजे पळतोय. एस म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलाय, त्यात काही वावगं नाही. झेड म्हणजे झोंबी: तो आधीच मेलेला असतो, फक्त त्याच्या बापाने, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, नोंद मिटवलेली नसते. त्याला कितीही किल मारा, मेलेल्याला काय मारणार? बघायचंच तर बापाकडे बघायचं. आणि डी म्हणजे डिस्कसारख्या कशाची तरी वाट बघत तो कर्नलच्या आत अडकलाय. खराब यूएसबी डिस्क लावली की हे हमखास होतं. तशा वेळी -९ सुद्धा ऐकला जात नाही. तो निरोप दारात पडून राहतो आणि डिस्कने उत्तर दिल्यावरच आत जातो. वर लिनक्समध्ये असे डीवाले लोडच्या, म्हणजे मशीनवर किती कामं ताटकळली आहेत त्या, आकड्यात मोजले जातात. त्यामुळे सीपीयू मोकळा आणि लोड मात्र वीस, असं चक्रावणारं चित्र दिसतं. तिथे दहा वेळा किल मारत बसण्यापेक्षा केबल तपासा.

फाइल रिकामी कशी झाली, हे काकांना सांगता यावं म्हणून लिहितो. बरेच साधे प्रोग्रॅम जुनी फाइल लिहिण्यासाठी उघडतात तेव्हा पहिल्या फटक्यात ती शून्यावर आणतात. नवा मजकूर आधी प्रोग्रॅमच्या मेमरीत साठतो, मग थोडा थोडा डिस्कवर उतरतो. मधल्या वेळात -९ आला, की मेमरीतलं गेलं आणि डिस्कवर शून्य उरलं. पगाराचा प्रोग्रॅम ज्याने लिहून दिला असेल त्याला सांगा, की नव्या नावाच्या फाइलमध्ये आधी सगळं लिही, पूर्ण झालं की मगच जुन्या नावावर बदल. तसं असतं तर तुमच्या -९ नेही गेल्या आठवड्याचं पत्रक जसंच्या तसं राहिलं असतं. म्हणजे चूक अर्धी तुमची, अर्धी त्या प्रोग्रॅमची. काकांपुढे मात्र सुरुवात स्वतःच्या अर्ध्यापासून करा.

-९ बद्दल आणखी थोडं, कारण तो आकडा आपल्याकडे मंत्रासारखा पसरलाय. किलला नुसता नंबर दिला की तो १५ नंबरचा निरोप पाठवतो: 'बाबा, आवर आता.' प्रोग्रॅमने ऐकायची सोय केलेली असेल तर तो फाइल बंद करतो, कुलूप काढतो आणि जातो. -९ प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कर्नल त्याला परस्पर उचलून बाहेर टाकतो, चप्पलसुद्धा घालू देत नाही. पण इथे एक खोच आहे. ज्या प्रोग्रॅमने १५ ऐकायची सोयच केलेली नाही, तो १५ नेही तसाच पडतो. पायथॉनमध्ये लिहिलेल्या घरगुती प्रोग्रॅमांचं बहुधा असंच असतं. त्यांना २ नंबरचा, म्हणजे कंट्रोल सी दाबल्यावर जातो तो निरोप जास्त मानवतो, कारण त्यावर पायथॉन आवराआवरीचा भाग चालवून मग बंद होतो. तेव्हा क्रम असा ठेवा: पायथॉनचा असेल तर आधी २, नाहीतर १५. मग अर्धा मिनिट घड्याळ बघा. एवढ्याने भागलं नाही आणि ज्याचा आहे त्याने फोनवर 'मारा' म्हटलं, तरच ९.

मारायचीच गरज आहे का, हाही प्रश्न आहे. तुम्हाला पॅकिंग लिस्टपुरती दहा मिनिटं हवी असतात. त्यासाठी किल -स्टॉप आहे. प्रोग्रॅम जागच्या जागी गोठतो, सीपीयू सोडतो. तुमचं काम झालं की किल -कॉंट, आणि तो जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. मुलांना सकाळी कळतही नाही. मेमरी मात्र तो धरूनच बसतो, आणि नेटवर्कवर कुणाशी बोलत असेल तर पलीकडचा कंटाळून फोन ठेवू शकतो. इमेज बनवणाऱ्या प्रोग्रॅमला सहसा काही होत नाही. किंवा रीनाइस १९ करा, म्हणजे तो सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहील. साध्या लॉगिनला रीनाइसने मागे ढकलता येतं, पुन्हा पुढे आणता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आता हक्काचं. सुडो ही कमांड नेमकी तुमच्यासारख्या अडचणीतून आली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ती लिहिली. रूटचा पासवर्ड न वाटता ठरावीक काम ठरावीक माणसाला करता यावं, हा तिचा उपयोग. आपल्याकडे मात्र लोक सुडो म्हणजे 'प्रत्येक कमांडच्या आधी लावायचा शब्द' एवढंच समजतात.

नेहमीचा सल्ला मिळतो तो असा: सुडोमध्ये या माणसाला किल चालवायची परवानगी द्या. ऐकायला बरं वाटतं. पण तो नियम साधा लिहिला तर तुम्ही किल रूट म्हणून चालवणार, म्हणजे काकांचा प्रोग्रॅम, डेटाबेस, सगळंच पुन्हा तुमच्या हाताखाली. चिठ्ठी गेली, पण धोका तिथेच. त्यापेक्षा सुडोची फारशी कुणी न वापरणारी बाजू वापरा. सुडो तुम्हाला रूट सोडून दुसऱ्या कुणाच्याही नावाने कमांड चालवू देऊ शकतं. नियम असा लिहायचा:

डिस्पॅच ऑल=(डिझाइन१,डिझाइन२,डिझाइन३) /यूएसआर/बिन/किल, /यूएसआर/बिन/रीनाइस

कंसात ज्यांची नावं, त्यांच्याच नावाने किल चालेल. तुम्ही टाकायचं: सुडो -यू डिझाइन२ किल -१५ ४८२१. पासवर्ड तुमचा स्वतःचाच विचारला जाईल. ४८२१ हा डिझाइन२ चा असेल तर निरोप पोचेल. चुकून काकांचा असेल, तर तुमचं ओळखीचं 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येईल, कारण डिझाइन२ लाही काकांच्या प्रोग्रॅमला हात लावता येत नाही. कुंपण तसंच उभं राहतं, तुम्हाला फक्त एका फाटकाची किल्ली मिळते.

याचं मोल मला कधी कळलं ते सांगतो. सोलापुरातच एका कॉलेजच्या लॅबचं काम बघत होतो. एक सर्व्हर, त्यावर चाळीसेक मुलं. एका मुलाचा प्रोग्रॅम स्वतःची पोरं जन्माला घालत सुटला होता. सगळा गट एकदम मारायचा तर नंबराच्या आधी वजाचं चिन्ह लावतात. गटाचा नंबर होता १४३२, म्हणून मी टाकणार होतो किल -९ -१४३२. मे महिना, लॅबचा पंखा बंद, बोटाला घाम. एकनंतर स्पेसबार दाबला गेला. स्क्रीनवर उमटलं किल -९ -१ ४३२. आणि मी एंटर मारलं. वजा एकचा अर्थ 'ज्यांना ज्यांना निरोप देता येईल ते सगळे'. मी रूट होतो. पहिला प्रोग्रॅम सोडून मशीनवरचं सगळं गेलं, चाळीस पडदे एकदम काळे झाले. पाठीमागून एक पोरगं म्हणालं, 'सर, लाइट गेली काय ओ?' पंखा बंद असल्यामुळे बाकीच्यांनाही ते खरं वाटलं, आणि मीही दहा मिनिटं तसंच वाटू दिलं. तीच चूक मी त्या एका मुलाच्या नावाने केली असती तर त्याचेच प्रोग्रॅम गेले असते, जे मला घालवायचेच होते.

नियम लिहायला मालकांचा जो कोणी कॉम्प्युटरवाला असेल त्याला बसवा. नसेल तर त्यांच्यासमोर बसून शेवटचं एकदा रूट व्हा. साध्या एडिटरने ती फाइल उघडू नका, व्हिसुडो -एफ वापरा आणि सुडोअर्स डॉट डी या फोल्डरमध्ये वेगळी फाइल करा. व्हिसुडो व्याकरण तपासतो. एखादा स्वल्पविराम चुकला तर सुडो सगळ्यांसाठीच बंद पडू शकतं, म्हणून काम संपेपर्यंत दुसऱ्या खिडकीत रूटचं लॉगिन उघडं राहू द्या. फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप सोडून देतं, आणि मग माणूस दोन तास डोकं धरून बसतो. मी बसलोय.

या रीतीचा आणखी एक फायदा काकांना आवडेल. सुडोने चालवलेली प्रत्येक कमांड उबुंटूत ऑथ डॉट लॉगमध्ये उतरते: कुणी, किती वाजता, कुणाच्या नावाने, काय. रूट होऊन बसलं की तिथे फक्त 'रूट झाला' एवढंच दिसतं, पुढचं नाही. हिशेबाच्या माणसाला वहीतली नोंद म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

डेटाबेसचं एका वाक्यात: पॅकिंग लिस्ट मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमधून येत असेल, तर त्यातली अडकलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, डेटाबेसच्या आतूनच थांबवा. पोस्टग्रेसच्या एका प्रोसेसला बाहेरून -९ मारला, तर तो सगळ्यांचीच जोडणी तोडून दुरुस्तीला बसतो. विंडोजवाल्या वाचकांचीही पत्रं येतात. तिथे टास्क मॅनेजरमध्ये 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं ते याच कारणाने. पण ॲडमिनिस्ट्रेटर होऊन एकेक प्रोग्रॅम पाडण्यापेक्षा यूझर्सच्या टॅबवर कोण बसलंय ते बघावं आणि त्याला फोन करावा.

आणि फोनावरून आठवलं, तुम्ही त्या मुलांना विचारलंत का? पत्रात कुठे दिसलं नाही. सहाला घरी जाताना प्रोग्रॅम चालू ठेवणं हा विसराळूपणा असेलच असं नाही. मोठ्या जकार्ड डिझाइनची इमेज तयार व्हायला वेळ लागतो. रात्री मशीन रिकामं असतं म्हणून मुद्दाम लावून जात असतील. त्यांच्या हिशेबी सहानंतर ऑफिस बंद, तुमच्या हिशेबी सहानंतरच खरी गाडी निघते. तसं असेल तर ॲट नावाची कमांड त्यांना दाखवा: काम आत्ता सांगायचं, सुरू रात्री नऊला. गाडी तोवर होटगी नाक्याच्या पुढे गेलेली असेल.

तरीही एखाद्या संध्याकाळी कुणीतरी विसरणारच. त्यासाठी मारामारीपेक्षा वाटणी बरी. नव्या उबुंटूत प्रत्येक लॉगिनच्या वाट्याला किती मशीन यावं हे ठरवता येतं. सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी यूझर-१००२.स्लाइस सीपीयूवेट=२० असं रूटने एकदा टाकलं, की १००२ नंबरच्या मुलाचं वजन २० होतं. बाकीच्यांचं मुळात १०० असतं. मशीन रिकामं असेल तेव्हा त्याला हवं तेवढं मिळतं; तुम्ही कामाला बसलात की तो आपोआप मागे सरकतो. मेमरीसाठी मेमरीमॅक्स आहे, पण ते जपून. हद्द ओलांडली तर कर्नल त्या मुलाचा प्रोग्रॅम -९ नेच उडवतो, आणि सकाळी शिव्या तुम्हालाच. त्यांच्या सगळ्यात मोठ्या डिझाइनला किती मेमरी लागते ते त्यांना विचारा, त्याच्या वर सैल हद्द ठेवा. मशीन एकूण १६ जीबीचं आणि एकेक डिझाइन १० जीबी खात असेल, तर हा प्रश्न कुठल्याच कमांडने सुटणार नाही. मालकांना रॅमचं बिल दाखवावं लागेल.

काकांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण पत्रातलं सगळ्यात छोटं वाक्य तेच होतं. शनिवारी पगार झाला नाही तेव्हा विणकर तुमच्याकडे आले नसणार, काकांच्या टेबलाशी उभे राहिले असणार. ते दोन दिवस त्यांनी तुमच्या वाटचे बोल ऐकून घेतले. तेव्हा 'सर्व्हर हँग झाला होता' वगैरे सांगू नका. 'मी नाव न बघता मारला' असं सांगा. आणि जोडीला दोन गोष्टी घेऊन जा: पगाराच्या फोल्डरची रोज दुपारी आपोआप दुसऱ्या डिस्कवर जाणारी प्रत, आणि सुडोचा तो नियम कागदावर छापून. कंसातली तीन नावं त्यांना स्वतःला वाचू द्या. त्यात त्यांचं नाव नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघायला हवं.

मग त्यांच्यादेखत एक प्रयोग करा. काकांचा एखादा चालू प्रोग्रॅम निवडा आणि टाका: सुडो -यू डिझाइन१ किल -० आणि त्याचा नंबर. शून्य नंबरचा निरोप काहीच करत नाही; पोचू शकतो का, एवढंच तपासतो. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं की स्क्रीन काकांकडे वळवा.

एवढं झाल्यावर मालकांना सांगून रूटचा पासवर्ड पासडब्ल्यूडीने बदला. नवा पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप करायचा, तुम्ही खिडकीबाहेर बघायचं. तो पाकिटात घालून तिजोरीत. तुमचं लॉगिन सुडो नावाच्या गटात आहे का तेही ग्रुप्स कमांडने बघा. उबुंटू बसवताना पहिलं बनवलेलं लॉगिन त्या गटात आपोआप जातं, आणि ते तुमचंच असेल तर वरचा सगळा नियम शोभेचा ठरतो. असेल तर नाव काढून घ्या. फक्त त्याआधी रूटचा नवा पासवर्ड चालतोय याची खात्री करा, नाहीतर मशीनचा मालक कुणीच उरणार नाही.

शेवटी स्वतःच्या लॉगिनने सुडो -एल टाका. तुम्हाला काय काय परवानगी आहे त्याची यादी येते. त्यातल्या कमांडींच्या भागात तीन नावांचा कंस आणि त्यापुढे दोन कमांडी, एवढंच दिसायला हवं. त्याहून जास्त काही दिसलं तर ती यादी जशीच्या तशी मला लिहून पाठवा.